माहेरचा फीडर

लग्न होऊन मी सबस्टेशनच्या क्वार्टरमध्ये राहायला आले, ते नव्वद सालानंतर लगेच. शिरोली एमआयडीसी मागं टाकून आत गेलं की उसाच्या मळ्यांत आमचं आवार लागायचं. तारेचं कुंपण, आत सतत गुणगुणणारे दोन मोठे ट्रान्सफॉर्मर, एक कंट्रोल रूम आणि तिच्या पाठीला लागून आमच्या दोन खोल्या. हे, म्हणजे माझे मालक, तिथं ऑपरेटर होते. तीन पाळ्यांना तीन ऑपरेटर असायचे, पण बाकीचे दोघे गावाहून येऊन-जाऊन असत. आवारात राहणारे आम्हीच. त्यामुळं लाईट गेली की बोलणी खायला कुणीतरी कायम हजर, अशी लोकांची चांगली सोय झाली होती.

बोलणी जास्त मीच खाल्ली. हे ड्यूटीवर असले की कंट्रोल रूमला आतून कडी. मग माणसं माझ्या दाराशी यायची.

"ओ वैनी, सायबास्नी सांगा की, लाईट सोडा म्हणावं."

सोडा! जणू आत विजेची टाकी आहे आणि हे तोटी धरून बसलेत. पहिली एक-दोन वर्षं मी हसून समजावून सांगायची. दहा वर्षांनी हसू येईनासं झालं. त्यात सगळ्यांचा ठाम समज, की आमच्या घरात लाईट जातच नाही. खरं तर आमच्या क्वार्टरला लाईट शेजारच्या गावाबरोबरच होती. गावात गेली की आमच्यातही गेली. एकदा एक बाई तरातरा थेट स्वयंपाकघरापर्यंत आल्या. मी म्हटलं, "बघा, पंखा बंद हाय की न्हाय?"

त्यांनी पंख्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "आत्ता मला बघून बंद केला असशील," म्हणाल्या आणि गेल्या.

आमच्या सबस्टेशनमधून चार फीडर निघायचे. फीडर म्हणजे एकेका भागाकडं वीज घेऊन जाणारी तारांची वाट. एक कारखान्यांकडं जायचा, एक आसपासच्या वस्तीकडं आणि दोन शेतीच्या मोटारींसाठी. त्या दोनांतला एक जायचा माझ्या माहेरी. मी माहेर सोडून आले होते, पण माहेरचं टोक कंट्रोल रूमच्या भिंतीवर, एका लोखंडी कपाटाच्या रूपानं माझ्या घराला चिकटून होतं.

दोन हजार सालानंतर भारनियमन वाढत गेलं. सकाळी इतके तास, दुपारी इतके तास. वेळापत्रक यायचं, बदलायचं, पुन्हा यायचं. एक दिवस मिक्सरमध्ये चटणी निम्मी वाटून झाली आणि लाईट गेली. वेळापत्रकाप्रमाणं अजून तासभर असायला हवी होती. हे जेवायला घरी आले तशी मी ताट आपटलंच.

"कोयनेत पाणी हाय, कोळशाची एवढी ठाणी हायत, मग वीज जाती कुठं?"

ह्यांचा स्वभाव शांत. त्या शांतपणाचाही मला राग यायचा. घास खाली ठेवून म्हणाले, "वीज साठवून ठेवता येत न्हाय. ह्या घटकेला जेवढी खपती, तेवढी ह्याच घटकेला तयार व्हायला लागती. सगळी जनित्रं एकाच जाळ्यात जोडल्यात. एका गाडीला जुंपलेल्या बैलांगत. सगळ्यांनी एका चालीनं चालायचं. ओझं वाढलं की सगळ्यांचीच चाल मंदावती. त्या चालीला फ्रिक्वेन्सी म्हणत्यात. ती पन्नास पाहिजे. खाली घसराय लागली की वरनं फोन येतो, ओझं उतरवा."

"आणि न्हाय उतरवलं तर?"

"तर एक बैल बसतो. त्याचं ओझं बाकीच्यांवर पडतं, मग दुसरा बसतो. बघता बघता आख्खी गाडी आडवी. ती परत उभी कराय दिवस जातो."

"आणि ओझं उतरवायचं म्हणजे काय करायचं?"

"म्हणजे तुझ्या माहेरचा फीडर बंद करायचा."

"मग कोयना कशाला हाय?"

"कोयनेचं पाणी संध्याकाळसाठी राखून ठेवायला लागतं. सगळ्या घरांत एकदम दिवे लागत्यात, तवा. दिवसभर सोडलं तर उन्हाळा निघायचा न्हाय."

मला कळलं. पण कळल्यामुळं राग गेला असं काही झालं नाही. आधी निदान कुणावर तरी रागावता यायचं. आता बैलांच्या त्या गाडीवर कुठं जाऊन रागावणार?

अशातच एक उन्हाळा असा आला, की त्यात माझं माहेर तुटायची वेळ आली.

त्या वर्षी शेतीच्या फीडरला एक पंधरवडा दिवसा आणि एक पंधरवडा रात्री लाईट द्यायची असं ठरलं होतं. दिवसाच्या पंधरवड्यात दुपारी दोनला सोडायची. हे दोनला हॅन्डल फिरवून फीडर चालू करायचे, आणि पापणी लवते न लवते तोच धाडकन आवाज व्हायचा. फीडर ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. पाच मिनिटं थांबून पुन्हा लावायचा, पुन्हा धाडकन. तिसऱ्यांदाही तेच. तीनदा ट्रिप झाला की लाईन तपासल्याशिवाय चौथ्यांदा लावायचा नाही, असा नियम होता. मग वायरमनला निरोप. तो बिचारा भर उन्हात मोटारसायकलवरून सात-आठ किलोमीटरची लाईन बघत जायचा. कुठं फांदी टेकलीय का, तार तुटलीय का, पक्षी चिकटून मेलाय का. काही नसायचं. तो परत येईपर्यंत चार वाजायचे. चौथ्यांदा लावला की कधी धरायचा, कधी नाही. आणि हक्काचे तास तर संपत आलेले.

असं पाच दिवस चाललं. माहेरचा ऊस, भाजीपाला, सगळं वाळायला लागलं. माझा धाकटा भाऊ वारणानगरला पाळीवर नोकरी करायचा आणि उरलेल्या वेळात शेती. त्याचा फोन कंट्रोल रूमला यायचा आणि हे मला बोलवायचे.

"आक्का, दाजीस्नी सांग. आमचाच फीडर कसा काय पडतोय रोज? कारखान्याचा बरा पडत न्हाय."

"अरं, ते मुद्दाम करत्यात व्हय?"

"गाव तसंच म्हणतंय. मी काय सांगू गावाला?"

"सांग की, आमचे दाजी तसले न्हाईत म्हणून."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. 

सहाव्या दिवशी दुपारी फीडर तीनदा पडल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ट्रॅक्टरची ट्रॉली भरून माणसं गेटवर आली. मी खिडकीतून बघितलं तर सगळे माझ्याच गावचे. ज्यांच्या पारावर मी खेळले, ज्यांच्या घरी हळदीकुंकवाला गेले, ते सगळे. पुढं माझा भाऊ. त्यानं आमच्या दाराकडं वळूनही पाहिलं नाही. गेट धरून ओरडला, "ओ पावणं! बाहेर या!"

लग्न झाल्यापासून त्यानं ह्यांना दाजीशिवाय हाक मारली नव्हती. मला ते पावणं दगडासारखं लागलं.

मी पाण्याची कळशी घेऊन बाहेर गेले. कुणी पाणी घेतलं नाही. हे बाहेर आले. गलका सुरू झाला. कारखानदारांना वीज विकताय, कुणाच्या सांगण्यावरनं करताय, आवाराला कुलूप लावू. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दोघं आत या. बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. आत आल्यावर कशाला हात लावायचा न्हाय."

माझा भाऊ आणि गावातले एक वयस्कर पाटील आत गेले. मी दारात उभी राहिले. मला कुणी आत बोलावलं नव्हतं आणि बाहेर जा म्हणायची कुणाची छाती नव्हती. तेवढ्यात वायरमनचा फोन आला, लाईन साफ आहे म्हणून.

ह्यांनी कपाटावरच्या गोल मीटरकडं बोट केलं. "ह्या काट्याकडं बघा. तुमच्या गावाकडं किती करंट जातोय ते हा काटा दाखवतो. आता लावतो."

हॅन्डल फिरलं. काटा शून्यावरून उडाला तो सरळ शेवटच्या टोकाला आपटला, आणि धाड! भाऊ दचकून मागं सरला. काटा पुन्हा शून्यावर.

"बघितलं? मी बंद केला का?"

"न्हाय," पाटील म्हणाले. "पर झालं काय हे?"

"मोटार चालू होताना, त्या पहिल्या काही सेकंदांत, नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढती. एक मोटार ओढली तर कळत न्हाय. समद्या गावच्या मोटारी एका झटक्यात चालू झाल्या तर लाईनला झेपत न्हाय. झेपलं न्हाय की हा ब्रेकर पडतो. पडला न्हाय तर हा ट्रान्सफॉर्मर जळंल, मग महिनाभर बसा." ह्यांनी भावाकडं बघितलं. "समद्या मोटारी एका झटक्यात कशा चालू होत्यात? किती जणांनी ऑटो बसवलाय ह्या वर्षी?"

ऑटो म्हणजे मोटारीच्या पेटीत बसवायचा एक छोटा स्विच. लाईट आली की मोटार आपोआप चालू होते, माणसानं शेतावर असायला नको. भाऊ मीटरकडं बघायला लागला. 

"तुमीबी बसवलाय न्हवं?" हे म्हणाले.

"मी एकट्यानं काढून काय हुतंय?" भाऊ म्हणाला. "बाकीच्यांची मोटार चालू व्हणार आणि माझी तेवढी बंद ऱ्हाणार."

बाहेर जाऊन पाटलांनी हेच सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी हेच उत्तर दिलं. मी एकट्यानं काढून काय हुतंय. ट्रॉलीत बसून ती मंडळी जशी आली तशी निघून गेली. कळशी भरलेली तशीच राहिली. मला असा संताप आला होता, की ती कळशी मी ओट्यावर आदळली आणि तिला पोचा पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी पकडून मी माहेरी गेले. भाऊ कामावर गेला होता, ते बघूनच गेले. भावजय शेतात भाजी खुडत होती. मी ताडताड बोलायला सुरुवात केली. तिनं ऐकून घेतलं, मग कमरेवर हात ठेवून माझ्यापेक्षा वरच्या आवाजात म्हणाली, "वन्सं, लाईट दोनला येणार म्हणत्यात. आली कधी दोनला? कवा अडीच, कवा चार, कवा येतच न्हाय. ह्यांची पाळी. मी इथं मोटारीपाशी बसून ऱ्हाऊ का धारा काढू? लाईट कधी येणार ते धड कळलं असतं, तर कुणाला हौस हुती ऑटो बसवायची?"

 वीज वेळेवर येत नाही म्हणून लोक ऑटो बसवतात, आणि ऑटोमुळं वीज टिकत नाही. दोन्हीकडून खरं. मधे कुणाच्या तरी डोक्यात घालायला धोंडा शोधावा, तर तो घालायचा कुणाच्या?

"आणि मी धड कळवलं तर?" मी म्हटलं. "सोडायच्या आधी पाच मिनिटं गावात निरोप आला तर बटण दाबाय जाशील?"

"निरोप कसा येणार?"

गावच्या दूध डेअरीत फोन होता. ह्यांनी सोडायच्या आधी तिथं फोन करायचा. डेअरीवाल्यानं गावाला सांगायचं. कसं, तर देवळाच्या भोंग्यावरनं. हे ठरवून आम्ही दोघी मोठ्या हुशारीनं देवळापाशी गेलो, तर पुजारी म्हणाला, "भोंगा लाईटीवर चालतो की हो, आणि दुपारची गावातबी लाईट नसती." लाईट येणार हे सांगायला आधी लाईट पाहिजे! मी तिथंच पायरीवर बसले. शेवटी डेअरीतल्या माणसानं दुधाचा रिकामा कॅन उचलून दांडक्यानं बडवून दाखवला. आवाज मळ्यापर्यंत जात होता.

मग आम्ही दोघी घरोघर फिरलो. पुरुष कामावर नाहीतर पारावर, आणि दुपारी शेतात बायकाच. म्हणून बायकांनाच सांगितलं. कॅन वाजला की ऑटो बंद आहे का बघायचं आणि मोटारीपाशी जायचं. लाईट आली की ओढ्याच्या वरच्या अंगानं आधी मोटारी चालू करायच्या, खालच्या अंगानं दहा मिनिटांनी, नदीकडच्यांनी त्यानंतर दहा मिनिटांनी. ऐकायला सोपं. पण वरच्या अंगाला आधी का, हे विचारत एका म्हाताऱ्या बाईंनी मला पाऊण तास उभं केलं. दुसरी म्हणाली, "तू लाईटवाल्याची. तू त्यांचंच गाणार." तिसरीनं ऑटो काढायला साफ नकार दिला, आणि तिच्या सुनेनं तिच्यादेखत जाऊन बटण बंद केलं. संध्याकाळच्या एसटीनं परत आले तेव्हा घसा बसला होता.

हे म्हणाले, "मी पाच मिनिटं आधी फोन करीन. पण वेळेवर सोडीन असं वचन देणार न्हाय. ते माझ्या हातात न्हाय."

"तुमच्या हातात हाय तरी काय?" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दोनच्या आधी ह्यांनी डेअरीला फोन केला. मग हॅन्डल फिरवलं. मी दारात उभी. काटा हलला, थोडा वर चढला, आणि थांबला. धाड झालं नाही. दहा मिनिटांनी आणखी वर. पुन्हा दहा मिनिटांनी आणखी. कुणीतरी पायरी पायरीनं चढावं तसा. हे खुर्चीत बसले आणि कपाळ पुसलं. "धरलं," एवढंच म्हणाले.

चार दिवस धरलं. पाचव्या दिवशी भाऊ सुट्टी काढून आला, तो थेट कंट्रोल रूममध्ये. हातात घड्याळ. दाजी खरंच वेळेवर सोडतात का बघायला! मी चहा नेऊन ठेवला, त्याच्याशी बोलले नाही. दोनला फीडर लागला. काटा पायरी पायरीनं चढला. भाऊ बघत होता. अडीच वाजता फोन वाजला.

हे उठून उभे राहिले. "साहेब, आत्ताच लावलाय. गावानं शिस्त धरलीय. अर्धा तास द्या." मग ऐकत राहिले. "साहेब, दुसरा काढतो. हा नको." पुन्हा ऐकलं. "दोन्ही? बरं."

फोन ठेवून त्यांनी वहीत वेळ लिहिली, कपाटाशी गेले आणि स्वतःच्या हातानं माहेरचा फीडर बंद केला. मग शेजारचा.

"फ्रिक्वेन्सी पडलीय," भिंतीकडं बघत म्हणाले. "कुठलं तरी मोठं जनित्र बंद पडलंय. कुठलं ते मलाबी सांगत न्हाईत."

मला एवढी चीड आली, की डोळ्यांत पाणी आलं. गावानं सगळं केलं होतं. त्या म्हाताऱ्या बाईंनीसुद्धा केलं होतं. आणि शंभर कोसांवरचं कुठलं तरी चाक थांबलं म्हणून अर्ध्या तासात सगळं बंद.

भावानं हातातलं घड्याळ खिशात घातलं. मग ह्यांना म्हणाला, "दाजी, फोन करू का मी?"

त्यानं डेअरीचा नंबर फिरवला. "मी बोलतोय. लाईट गेलीय. व्हय, म्हाईत हाय. दाजींनी न्हाय घालवली. मी इथंच हाय, माझ्या म्होरं वरनं फोन आलता. दाजी भांडलं, वरच्यांनी ऐकलं न्हाय." पलीकडचा काहीतरी ओरडत होता. "आरं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय की! परत सोडतील तवा फोन येईल, कॅन वाजवा. ऑटो कुणी लावायचा न्हाय. आमच्या घरात सांग, पयला आपला ऑटो बंद हाय का बघाय."

साडेतीनला वरून परवानगी आली. हे फीडर लावत होते तेव्हा भाऊ काट्याकडं बघत होता. धरलं. त्या दिवशी तो आमच्याकडं जेवून गेला. भाकरी मोडताना म्हणाला, "आक्का, असली नोकरी मला न्हाय जमायची." मी म्हटलं, "मला तरी कुठं जमतीया?" हे हसले. मला काही हसू आलं नाही.

कॅन वाजवायचं त्या उन्हाळ्यात शेवटपर्यंत चाललं. मधे दोन-तीनदा कुणीतरी ऑटो चालू ठेवला, फीडर पडला आणि बायकांनी त्याच्या घरी जाऊन त्याला चांगलं धुतलं. पाऊसकाळ लागल्यावर मोटारींचं काम संपलं. पुढच्या वर्षी लाईनच्या तारा बदलल्या, गावाजवळ आणखी एक ट्रान्सफॉर्मर आला, आणि पडणं पुष्कळ कमी झालं. भारनियमन मात्र वाढलंच. दारावर येणारी माणसं तेवढीच राहिली.

भावानं स्वतःचा ऑटो काढून टाकला नाही. बटण बंद करून पेटीतच ठेवला. मी विचारलं तर म्हणाला, "असू दे, आक्का. दाजींवर भरवसा हाय. पर वरच्यांचा काय भरवसा?"